प्रश्न नसताना ‘डिड’ पुढे कसा?

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट’ अशी वाक्यं तिला करावी लागतात. वाक्य प्रश्नार्थक नाही, मग ‘डिड’ कर्त्याच्या आधी का?
– एक पालक, सातारा

उत्तर : हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘तेव्हा’, ‘तिथे’ असा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला, की बहुधा लगेच क्रियापद येई आणि कर्ता त्याच्यामागून. जर्मन आणि डच भाषांत ही पद्धत आजही आहे. इंग्रजीतून ती हळूहळू गेली, पण काही जागी टिकली. ‘नेव्हर’, ‘सेल्डम’, ‘हार्डली’ अशा नकारार्थी शब्दांनी सुरू होणारी वाक्यं त्यांपैकीच.

फरक इतकाच, की आता मुख्य क्रियापद जागचं हलत नाही. सहायक क्रियापद तेवढं पुढे येतं. ‘द बेल रँग’मध्ये सहायक क्रियापदच नाही, म्हणून ‘डू’ला बोलवावं लागतं. भूतकाळ तो स्वतःकडे घेऊन ‘डिड’ होतो आणि ‘रँग’चं पुन्हा ‘रिंग’ होतं. ‘डिड द बेल रँग’ लिहिलं की गुण गेलेच.

‘नो सूनर’मध्ये नकार कुठला? घंटा मुलांच्या पळण्याच्या ‘आधी’ अशी वाजलीच नाही, म्हणजे वाजली आणि मुलं पळाली, दोन्ही जवळजवळ एकदमच.

ही उलटापालट नुसती नटवेगिरी नाही, तिच्यामुळे अर्थही बदलतो. ‘विथ नो फोन ही वुड बी हॅपी’ म्हणजे फोन नसला तर स्वारी खूश. ‘विथ नो फोन वुड ही बी हॅपी’ म्हणजे कुठलाही फोन द्या, स्वारी नाखूशच. पहिल्या वाक्यात नकार फोनपुरता आहे, दुसऱ्यात तो अख्ख्या वाक्याला लागला आहे. तो असा क्रियापदापर्यंत पोचला तरच क्रम बदलतो. म्हणून ‘अ‍ॅट नो टाइम डिड ही कम्प्लेन’, म्हणजे त्याने कधीच तक्रार केली नाही. पण ‘इन नो टाइम ही फिनिश्ड द वर्क’, कारण काम तर चुटकीसरशी झालं!

तेव्हा मुलीला सांगा : सुरुवातीला ‘नो’ दिसला म्हणून लगेच क्रम उलटू नकोस. मुख्य क्रिया घडली की नाही घडली, हे आधी विचार. घडली नसेल, तर सहायक क्रियापद पुढे घे. ‘नो सूनर’मध्ये घंटा वाजली असली, तरी ‘आधी’ वाजली नाही, हे विसरू नकोस.