घरबसल्या लिलाव : नवख्या विक्रेत्यास चार गोष्टी

‘लिलाव’ हा शब्द मराठींत पोर्तुगीज भाषेंतून आला आहे. आमच्या रोह्याची कुंडलिका जेथें समुद्रास मिळते, त्या रेवदंड्यास १७४० पर्यंत पोर्तुगीजांचाच अंमल होता. शब्दाप्रमाणें व्यवहारही आमच्या ओळखीचा आहे. बंदरावर मासळीचा लिलाव होतो तेव्हां गिऱ्हाईक आधीं कल्ला उचलून पाहतें, बोट दाबून पाहतें, आणि मग बोली बोलतें. इंटरनेटवरील लिलावांत मात्र बोली बोलणारा नागपुरास बसलेला असतो. त्यास दिसतें तें आपण काढलेलें चित्र, आणि कळतें तें आपण लिहिलेलें वर्णन. म्हणून ह्या बाजारांत विक्रेत्याचें खरें भांडवल म्हणजे त्याचा शब्द होय.

ह्या व्यवहाराचा आरंभच ह्याची साक्ष देतो. १९९५ सालीं अमेरिकेंत पिएर ओमिडयार ह्यांनीं पुढें ‘ईबे’ म्हणून प्रसिद्ध झालेली लिलावाची जागा सुरू केली. तेथें विकली गेलेली पहिली वस्तु होती एक मोडका लेसर-दर्शक. तो मोडका आहे असें स्पष्ट सांगूनही त्यास १४.८३ डॉलर आले. मुंबईंत २००० सालीं ‘बाझी’ ही तशीच संस्था निघाली. २००४ मध्यें ती ईबेनें विकत घेतली, आणि ईबेची ती भारतीय शाखा २०१८ सालीं बंद झाली. संस्था येतात आणि जातात. व्यवहाराचे नियम मात्र टिकतात. ते एका उदाहरणानें पाहूं.

समजा, आजोबांच्या पेटींत जॉर्ज सहावा ह्याचें चित्र असलेली दहा रुपयांची नोट सांपडली, आणि तिजवर चिंतामणराव देशमुख ह्यांची सही आहे. ज्यांचें बालपण रोह्यांत गेलें आणि जे १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तेच हे देशमुख. अशी नोट विकावयाची तर प्रथम ती कोणती आहे हें नीट ओळखावें. दोन्ही बाजूंचीं चित्रें उजेडांत काढावीं. घडी, डाग, फाटलेली कड हीं लपवूं नयेत. उलट त्यांचें जवळून चित्र द्यावें. दोष आधीं सांगितला तर किंमत थोडी उतरते. मागाहून उघड झाला तर मालही परत येतो आणि नांवही जातें. नाणें असेल तर तें चिंच लावून चकचकीत करूं नये. संग्राहकास जुन्या तांब्याचा मूळ रंगच हवा असतो. तसेंच, हातीं आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळची असें ठोकून देऊं नये, कारण शिवराया पुढें पेशवाईंतही पाडल्या जात होत्या.

दुसरी गोष्ट किंमतीची. पुष्कळ ठिकाणीं बोलीदार आपली कमाल रक्कम गुप्तपणें नोंदवून ठेवतो, आणि यंत्र त्याच्या वतीनें जरुरीपुरतीच बोली वाढवितें. एकाची कमाल ९०० रुपये, दुसऱ्याची ७००, आणि वाढ २० रुपयांची असेल, तर पहिल्यास ती नोट ७२० रुपयांस मिळते. परंतु एकच बोलीदार आला तर ती आरंभींच्याच किंमतीस जाते. म्हणून ज्या रकमेस वस्तु देतांना मनास वाईट वाटेल, ती आरंभाची किंमत कधींही ठेवूं नये. शिवाय हिशेब पुरता करावा. ७२० रुपयांत दलाली शेंकडा १० मानली तर ७२ रुपये गेले. बांधणी व टपाल ह्यांचे ८० गेले. हातीं राहिले ५६८. वस्तु पाठविण्यापूर्वीं पैसे खात्यांत जमा झाल्याची खात्री करावी, पाकिटांत जाड पुठ्ठा घालावा, आणि टपालाची पावती जपून ठेवावी.

तिसरी गोष्ट कायद्याची. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलास करार करतां येत नाहीं; म्हणून विद्यार्थ्यांनीं चित्रें काढावीं, वर्णन लिहावें, परंतु खातें व व्यवहार पालकांच्याच नांवें असावा. शंभर वर्षांहून जुनें नाणें १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें, आणि तें स्वतः परदेशीं धाडतां येत नाहीं. शेत नांगरतांना नाण्यांचें गाडगें सांपडलें, तर १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्यानुसार तशी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणें भाग आहे. तो माल लिलावाचा नव्हे.

चौथी गोष्ट पालकवर्गानें विशेष ध्यानांत घ्यावी. ‘तुमच्या जुन्या पांच रुपयांच्या नोटेस लाखों रुपये देतों’ अशा जाहिराती मोबाईलवर येतात. विक्रेता हुरळून गेला कीं त्यास नोंदणीचे, कराचे, दलालीचे म्हणून आधीं पैसे भरावयास सांगतात. आणि ते गेले कीं गेलेच. ह्या कामीं रिझर्व्ह बँकेचेंच नांव वापरलें जाऊं लागलें, तेव्हां ऑगस्ट २०२१ मध्यें बँकेनें जाहीर केलें कीं, असल्या व्यवहारांत आपण पडत नाहीं, आणि त्यांसाठीं कोणाकडूनही शुल्क वा दलाली घेत नाहीं. खऱ्या लिलावांत दलाली विक्रीच्या रकमेंतून वळती होते. लाखांच्या आशेनें जो अनोळखी माणसास आधीं पैसे पाठवितो, तो विक्रेता राहत नाहीं, गिऱ्हाईक होतो. आणि तो विकत घेतो ती निव्वळ थाप. तसेंच, खात्यांत पैसे येण्यासाठीं पिन द्यावा लागत नाहीं. पिन मागितला कीं पैसे जाणार असें समजावें. फसगत झालीच तर लाजून गप्प बसूं नये. त्याच घटकेस १९३० ह्या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितका पैसा दूर.

विद्यार्थी मित्रहो, पहिली विक्री लहानशा वस्तूची करावी. वाचून झालेलें पुस्तक किंवा जोड असलेलीं तिकिटें पुरेत. त्यांत दोन पैसे कमी आले तरी चालेल. घेणाऱ्यानें पाकीट उघडावें, आणि वर्णनांत होतें तेंच आंत आहे असें त्यास दिसावें. असा विश्वास एकदां बसला म्हणजे पुढल्या वस्तूस गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं. तें आपण होऊन येतें.