आश्रमशाळेत मूल ठेवताय? आधी हे वाचा

"तुमची मुलगी नाटकं करते." अधीक्षिकाबाई हे मला फोनवर म्हणाल्या. आठवीतली पोर गुडघे धरून रडत होती, आणि ही नाटकं!

धडगावची थंडी, त्यात पहाटे गार पाण्याची आंघोळ. मी आशा सेविका आहे, पाड्यापाड्यावर सिकलसेलचे रुग्ण बघते. हिची तपासणी करून घ्या, असं मी पहिल्यापासून सांगत होते. उत्तर ठरलेलं : "ताई, नेमकं कामाच्या वेळीच कसं दुखतं?" मीच नेते म्हटलं, तर हजेरी कमी होईल म्हणून सोडलं नाही. तापाने फणफणली, डोळे पिवळे झाले, तेव्हा मात्र 'लगेच घेऊन जा' म्हणून फोन आला.

जिल्हा रुग्णालयात निदान झालं : एसएस. नुसती वाहक नव्हे, रुग्ण. रक्त चढवावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, शाळेत चाचणी झाली नव्हती का? ते विचारायला मी शाळेत गेले. लिपिकाने कपाटातून फाइल काढली. आदल्या वर्षीची यादी, माझ्या मुलीचं नाव, पुढे लिहिलेलं : सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह. वर्षभर तो कागद तिथे पडून होता. पुढच्या तपासणीला पाठवलं नाही, मला कळवलं नाही. माझे हात थरथरत होते. बाई म्हणाल्या, "तपासणी आरोग्य खात्याची, आमचा काय संबंध?" रात्रंदिवस पोर तुमच्या ताब्यात, आणि संबंध नाही?

मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. डॉक्टर तपासतात, लिहितात, संध्याकाळी निघून जातात. उरलेलं वर्ष मुलाने दुखणं सांगायचं कुणाला? कित्येकांचे आईबाप तर गुजरातेत ऊसतोडीला.

म्हणून पालकांनो, तपासणी झाली की निकालाची प्रत मागा. 'सगळं ठीक आहे' या तोंडी उत्तरावर परत फिरू नका. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्याच; त्याशिवाय मूल वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. रुग्ण असेल तर गार पाण्याची आंघोळ बंद, पाणी भरपूर, फॉलिक अॅसिड रोज. शाळेतली आठवड्याची निळी लोहगोळी डॉक्टरांना विचारूनच द्यायची, हे शाळेला लिहून द्या. ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक पांढरं पडणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. फोनवरचं बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही. मुलांशी बोलत राहा, त्यांचं ऐका.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत, ग्रामसभेत एकच मागणी लावून धरा : प्रत्येक निवासी आश्रमशाळेत रोज हजर असणारी नर्स, तिची स्वतंत्र खोली आणि प्रत्येक मुलाची आरोग्य नोंदवही. आमची मुलं शाळेत राहतात, तर दवाखानाही शाळेतच हवा.