फाइल उघडते, पण वाचता येत नाही : मराठी लिहिणाऱ्यांसाठी संगणकाचा एक पाठ

तीन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आमच्या पदव्युत्तर वर्गातली एक विद्यार्थिनी एक सीडी घेऊन माझ्याकडे आली. तिचे आजोबा सत्तरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. नोकरीच्या काळात त्यांनी वाड्यावाड्यांवर फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या आणि धालोची गीते उतरवून घेतली होती. वह्या पावसाळ्यातल्या ओलीने आणि वाळवीने गेल्या. त्याआधी, २००१ साली, त्यांनी त्या वह्या एका डीटीपीवाल्याकडून टंकित करून घेतल्या होत्या, एवढेच काय ते वाचले. आता आजोबाही नव्हते. सीडीवर अकरा फाइली होत्या. पहिली उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, अर्धविराम आणि टक्क्याची चिन्हे यांच्या ओळीच्या ओळी आल्या.

"मॅडम, खराब झाली का हो फाइल?" तिने विचारले. शेजारच्या दुकानदाराने तिला तसे सांगितले होते आणि 'नव्याने टाईप करून घ्या' असा सल्लाही दिला होता. पण टाईप करायचे कशावरून? वह्या तर उरल्याच नव्हत्या.

फाइल खराब झालेली नव्हती. ती वाचायची किल्ली हरवली होती, इतकेच. मी संगणकाची जाणकार नाही, साहित्य शिकवते. पण त्या अकरा फाइली सोडवताना जे शिकले, ते आपल्यापैकी प्रत्येक लेखकाला आणि शिक्षकाला कधी ना कधी लागणार आहे, म्हणून ते इथे पाठाच्या रूपाने मांडते आहे.

१. अक्षर साठते कसे

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे, याचा करार आधी ठरलेला असतो. पूर्वी घरोघरच्या संगणकांवर देवनागरीसाठी असा सर्वमान्य करार पाळला जात नव्हता. १९९१ साली भारतीय मानक म्हणून 'इस्की' ही संकेतप्रणाली आली, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. परंतु विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून झाली आणि ती अंगवळणी पडायला आणखी कित्येक वर्षे गेली. मधल्या काळात फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. रोमन अक्षरांच्याच जागी त्यांनी देवनागरीचे आकार बसवले.

कृतिदेव या फॉन्टचे उदाहरण घ्या. त्यात 'कमल' लिहिले की फाइलमध्ये प्रत्यक्षात डी, ई आणि वाय ही तीन रोमन अक्षरेच साठतात. डोळ्यांना 'कमल' दिसते, कारण त्या फॉन्टने डीच्या जागी क, ईच्या जागी म आणि वायच्या जागी ल काढलेला असतो. फॉन्ट काढून घ्या, खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. शिवाय प्रत्येक घराण्याची मांडणी निराळी. एका फॉन्टचा मजकूर दुसऱ्या घराण्याच्या फॉन्टमध्ये पाहिला, तर अक्षरे देवनागरी दिसतात पण अर्थ लागत नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. फॉन्ट बदलला तर वळण बदलते, वर्ण बदलत नाही. हा एक भेद नीट समजला की निम्मे निदान झाले.

२. लक्षणांवरून निदान

घाबरून दहा बटणे दाबण्याआधी दोन नियम पाळावेत. पहिला : मूळ फाइलला हात लावू नये, तिची नक्कल करावी आणि प्रयोग नकलेवर करावेत. दुसरा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाठचिकित्सा शिकलेल्यांना हे नवीन नाही. हस्तलिखितावर आपण कधी दुरुस्ती करत नाही; प्रत बाजूला ठेवून पाठभेद नोंदवतो.

रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसणे. हा जुना फॉन्ट. मजकुरात कर्सर ठेवून वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत कोणते नाव येते ते पाहावे. फॉन्ट संगणकावर नसला तरी वर्ड त्याचे नाव दाखवतो. ते नाव कागदावर टिपून ठेवावे. हीच ती हरवलेली किल्ली. मग तो फॉन्ट मिळवून बसवावा, किंवा त्या फॉन्टचा युनिकोड रूपांतरक वापरावा. फाइल उघडी असताना वर्डची आपोआप सुधारणा करण्याची सोय बंद ठेवावी. ती वाक्याचे पहिले रोमन अक्षर मोठे करते, सरळ अवतरणचिन्हे वळवते, आणि त्यामुळे खालचे मराठी अक्षरच बदलते.

रिकाम्या चौकटी दिसणे. मजकूर युनिकोडमध्येच आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये ते वर्ण नाहीत. मजकूर निवडून त्याला निर्मला यूआय किंवा मंगल यांसारखा देवनागरी फॉन्ट द्यावा. काही हरवलेले नसते.

प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसणे. हे सगळ्यांत वाईट. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी मजकूर 'एएनएसआय' या प्रकारात जतन केला की प्रत्येक वर्णाच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले जाते. मूळ वर्ण त्या फाइलमध्ये उरतच नाही. कोणताही फॉन्ट तो परत आणू शकत नाही. एका व्याख्यानाचे चाळीस पानांचे टिपण मी असेच घालवले आहे. जतन करताना संगणकाने इंग्रजीत इशारा दिला होता. मी तो न वाचता 'ओके' केले. साध्या मजकुराची फाइल जतन करताना 'यूटीएफ-८' हाच प्रकार निवडावा.

ठिपक्यांचे वर्तुळ दिसणे. वेलांटी किंवा मात्रा अशा वर्तुळावर लटकलेली दिसली, तर वर्णांचा क्रम चुकला आहे. टंकलेखनयंत्रावर शिकलेल्या पिढीकडून ही चूक फार होते. यंत्रावर 'कि' काढताना आधी वेलांटी मारतात, मग क. कारण तिथे आकार डावीकडून उजवीकडे उमटतात. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो : आधी क, मग इकार. इन्स्क्रिप्ट कळफलकावर के आणि मग एफ. हात वळायला आठवडा लागतो, पण वर्णोच्चाराच्या क्रमाने लिहायची सवय विद्यार्थ्यांना अक्षराची घडणही शिकवून जाते.

पीडीएफ नीट दिसणे, पण त्यातून उचललेला मजकूर अगम्य असणे. पीडीएफमध्ये बहुधा फॉन्टचे आकार सोबत येतात, म्हणून डोळ्यांना सारे ठीक दिसते. आतला संकेत जुनाच असेल, तर नक्कल केलेला मजकूर रोमन होतो. संपादकांना लेख पाठवताना म्हणूनच युनिकोड वर्ड फाइल आणि पीडीएफ, दोन्ही पाठवावे. एकीवरून जुळणी होते, दुसरीवरून पडताळणी.

३. रूपांतरानंतरचे वाचन

आमच्या अकरा फाइलींपैकी नऊ वर्डच्या होत्या, दोन पेजमेकरच्या. पेजमेकरसाठी जुना संगणक अजून जपून ठेवलेला एक मुद्रक शोधावा लागला. त्याच्याकडून मजकूर बाहेर काढून घेतला. रूपांतराला एक दुपार पुरली. वाचनाला मात्र पाच महिने लागले, आणि खरा धडा इथेच आहे.

रूपांतरक वर्णांची अदलाबदल करतो, तेव्हा काही वर्णांची जागाही हलवावी लागते. जुन्या फॉन्टमध्ये 'कर्म' लिहिताना रफार म नंतर येतो, कारण तो मच्या डोक्यावर काढायचा असतो. युनिकोडमध्ये र् मच्या आधी येतो, कारण तो आधी उच्चारला जातो. ऱ्हस्व वेलांटीचे याच्या उलट. त्यामुळे चुका कुठेही होत नाहीत. त्या ठराविक जागी गोळा होतात : रफार, ऱ्हस्व वेलांटी, तीन व्यंजनांची जोडाक्षरे, आणि मधेच आलेले इंग्रजी शब्द, ज्यांचे रूपांतरक विनाकारण 'मराठी' करून टाकतो. मुद्रितशोधन करताना आधी या जागा शोधाव्यात.

सर्वांत फसवी चूक आमच्या चौथ्या फाइलमध्ये निघाली. एका ओवीत 'दर्या' शब्द होता. गोव्यात दर्या म्हणजे समुद्र, रोजच्या बोलण्यातला शब्द. त्यामुळे कुणालाच संशय आला नाही. विद्यार्थिनीने तर त्यावर टीप लिहिली : डोंगरातल्या स्त्रीच्या मनातली समुद्राची ओढ. मलाही टीप आवडली होती. पुढच्या तीन ओव्यांत पुन्हा दर्या आला, त्यांत गुरे चरत होती. तेव्हा कुठे आम्ही थबकलो.

मूळ शब्द 'दऱ्या' होता. डोंगरातल्या दऱ्या. रूपांतरकाने 'ऱ्य' ओळखला नाही आणि त्याचा सरसकट रफार केला. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांतला फरक आपण वर्गात गमतीने सांगतो. इथे त्याच फरकाने एका सत्तरीच्या बाईला नेऊन किनाऱ्यावर बसवले होते. खात्रीसाठी विद्यार्थिनी आजीकडे गेली. आजीने ओवी वाचून पाहिली नाही, म्हणून दाखवली. तिच्या तोंडी दऱ्याच होत्या. जिथे आजीलाही आठवले नाही, तिथे आम्ही दोन्ही पाठ नोंदवले आणि तसे तळटीपेत सांगितले.

इन्स्क्रिप्टवर हे अक्षर असे काढावे : शिफ्टसह जे दाबून ऱ, मग डी दाबून हलंत, मग य. 'तऱ्हा', 'कुऱ्हाड', 'वाऱ्यावर' याच रीतीने लिहिता येतात.

४. दिसते, पण सापडत नाही

अभ्यासकांना भेडसावणारी आणखी एक अडचण : शब्द डोळ्यांसमोर आहे आणि शोधयंत्र 'नाही' म्हणते. कारण सारखी दिसणारी अक्षरे वेगवेगळ्या वर्णांनी लिहिता येतात. 'दुःख' या शब्दात पुष्कळजण विसर्गाऐवजी अपूर्णविराम देतात. दिसायला फरक नाही, पण संगणकाच्या लेखी तो शब्द तिथे तुटला. इन्स्क्रिप्टवर विसर्ग शिफ्टसह वजाचिन्हाच्या कळीवर आहे. 'ऱ्य' सुद्धा दोन रीतींनी साधतो : वर सांगितलेला ऱ वापरून, किंवा साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. 'ॲ' हा वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या मजकुरात त्याच्या जागी 'ऍ' सापडतो. कोशाचे, सूचीचे किंवा संशोधनाचे काम सुरू करण्यापूर्वी एकच रीत ठरवावी आणि 'शोधा व बदला' वापरून सगळा मजकूर त्या रीतीत आणावा. शुद्धलेखनाचा जसा नियम असतो, तसाच हा.

५. जपणूक

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, सीडीवर बुरशी धरते, आणि संगणक नेमका लेखाच्या शेवटच्या पानावर अडतो. अडला तर लगेच बटण दाबून बंद करू नये. थोडा वेळ द्यावा. बंद पडलाच, तर पुन्हा वर्ड उघडल्यावर ते वाचवलेली प्रत बहुधा समोर ठेवते. ती आधी नव्या नावाने जतन करावी. आपोआप जतन होण्याचा दहा मिनिटांचा अवधी पाचवर आणून ठेवावा. महत्त्वाच्या कामाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात. एकाच संगणकातल्या दोन घड्या म्हणजे दोन प्रती नव्हेत. प्रत्येक जुन्या फाइलसोबत फॉन्टचे नाव, टंकनाची तारीख आणि वापरलेली प्रणाली सांगणारी एक ओळ ठेवावी. आजोबांनी सीडीच्या पाठीवर फॉन्टचे नाव लिहिले असते, तर आमचा पहिला महिना वाचला असता.

६. वर्गासाठी स्वाध्याय

पुढील दोन कामे मी आता दरवर्षी देते. एक : 'आचार्यांना, आचाऱ्यांना, दर्या, दऱ्या, दुःख, कुऱ्हाड' हे शब्द युनिकोडमध्ये लिहा आणि प्रत्येकातले वर्ण उच्चाराच्या क्रमाने सुटे करून दाखवा. दोन : घरातली किंवा गावातली दहा वर्षांहून जुनी एक मराठी फाइल शोधा, तिचे निदान करा, नकलेवर रूपांतर करा आणि चुकांची यादी आणा.

दुसऱ्या कामातून आतापर्यंत एका भजनी मंडळाची पदे, एका वाचनालयाचा इतिवृत्तसंग्रह आणि एका निवृत्त शिक्षिकेची अर्धवट कादंबरी हाती आली आहे. तिन्ही फाइलींना घरच्यांनी 'खराब' म्हणून सोडून दिले होते. आपल्या कपाटातही अशी एखादी सीडी असेल. टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहा, आणि फॉन्टच्या चौकटीतले नाव टिपून घ्या.