फोर-बाय-फोरला हिवाळी टायर कशाला?

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई म्युनिकला राहतात. जावयांनी नुकतीच तिथे जुनी सुझुकी जिम्नी घेतली. आधीच्या मालकाने तिला मोठमोठ्या गठ्ठ्यांचे, चिखलात चालणारे दणकट टायर बसवलेले आहेत आणि त्यांवर ‘एम प्लस एस’ असे छापलेले आहे. गॅरेजवाला म्हणतो, हिवाळ्याला हे चालणार नाहीत, वेगळे घ्या. जावई म्हणतात, गाडी फोर-बाय-फोर, त्यात टायर असे, आणखी काय हवे? मुलगी म्हणते, घ्यायचेच. व्हिडिओ कॉलवर दर रविवारी हाच वाद ऐकतो आहे. कोण बरोबर? आणि जानेवारीत आम्ही काही मित्र थार घेऊन मनालीला निघालो आहोत. आम्हालाही असले टायर लागतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुलगी बरोबर आहे. जावयांचे म्हणणेही अगदीच वावगे नाही, पण ते अर्धे आहे. बर्फ पडलेल्या सकाळी शेजारची भारी मोटार मागची चाके नुसती गरगर फिरवत जागीच उभी असते, तेव्हा जिम्नी मुकाट्याने चढ चढून जाते. फसगत तिथेच होते. इंजिनाचा जोर दोन चाकांना मिळतो की चारांना, हा मुद्दा गाडी पुढे नेण्यापुरता. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात. त्या बाबतीत फोर-बाय-फोरला कसलाही जादा फायदा नाही. थांबताना आणि वळताना गाडीला धरून ठेवतात ते रस्त्याला टेकलेले रबराचे चार तुकडे, प्रत्येकी साधारण तळहाताएवढे.

थोडे गणित करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यापासून १२-१३ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर घर्षणांक ०.३ मिळाला, तर तिला सुमारे ३३ मीटर लागतात, ०.२ मिळाला, तर ४९ मीटर. गोठलेल्या पाण्याच्या पातळ थरावर, म्हणजे ०.१ वर, शंभराच्या घरात. या हिशेबात गाडीचे वजन येत नाही, किती चाकांना जोर मिळतो तेही येत नाही. ०.२ चे ०.३ करणे फक्त टायरच्या हातात असते.

ते तो कसे करतो? उन्हाळी टायरचे रबर थंडीत ताठरते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरेनासे होते. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबराचे प्रमाण वाढवून ते थंडीतही मऊ राहील असे केलेले असते. ७ अंश सेल्सिअसच्या खाली हिवाळी टायर, असा तिकडे ठोकताळा आहे. आकडा सोयीपुरता धरावा, आठव्या अंशाला काही उलटापालट होत नाही. दुसरी गोष्ट त्याच्या अंगावरच्या शेकडो बारीक चिरा. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. शिवाय खाचांमध्ये बर्फ घट्ट भरून बसतो, आणि बर्फाची बर्फावर पकड रबरापेक्षा चांगली असते.

जावयांचे चिखली टायर मार खातात ते इथेच. चिखलाच्या टायरची सगळी घडण चिखल बाहेर भिरकावण्यासाठी असते : मोठे गठ्ठे, रुंद मोकळ्या खाचा. हिवाळी टायरला बर्फ धरून ठेवायचा असतो. दोघांची कामे उलटी. त्यातून चिखली टायरचे रबर दगडधोंड्यांत फाटू नये म्हणून कणखर ठेवलेले आणि चिरा जेमतेम. खोल, ताज्या बर्फात तो खणत खणत जाईलही. पण म्युनिकच्या चौकात चाकांखाली तुडवून गुळगुळीत झालेल्या बर्फावर रबराचे ते मोठे गठ्ठे नुसते सरकतात. दिसायला रुबाबदार, हे मात्र मान्य.

‘एम प्लस एस’ या शिक्क्यावर फार विसंबू नये. नक्षी चिखल-बर्फाला बरी वाटली की कारखानदार तो स्वतःच छापतो; त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. चाचणी लागते ती टायरच्या कडेवरच्या दुसऱ्या खुणेला : तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ठरलेल्या तुलनेच्या टायरपेक्षा बर्फावर पकड पुरेशी जास्त निघाली, तरच ही खूण मिळते. जर्मनीत कायदाही आता हीच खूण मागतो. २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या नुसत्या ‘एम प्लस एस’ टायरना सवलत होती, ती ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. तिथे तारखेची सक्ती नाही, रस्त्याच्या स्थितीची आहे : बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठलेला दंव असताना योग्य टायर नसले, तर ६० युरो दंड आणि परवान्याच्या खात्यावर एक गुण. वाहतूक अडवली, तर ८० युरो. आणि तशी गाडी दुसऱ्याला चालवू दिली, तर मालकाला ७५ युरो, त्याच्याही खात्यावर एक गुण. तेव्हा मुलीच्या हाती किल्ली देण्याआधी जावयांनी विचार करावा!

आता निवड. तीन दारांच्या नव्या पिढीच्या जिम्नीचा मूळ आकार १९५/८० आर १५. तोच घ्यावा, रुंद टायरचा मोह नको. बर्फात अरुंद टायर खाली रुततो आणि तिथे पकड शोधतो, रुंद टायर वर तरंगायला बघतो. वेगाच्या अक्षराची चिंता नको : ‘क्यू’ म्हणजे १६० पर्यंत, आणि जिम्नी १४५ च्या पुढे पळतच नाही. गाडीच्या कागदांत त्याहून वरचे अक्षर असेल, तर चालकाला दिसेल असा वेगमर्यादेचा स्टिकर आत लावला की जर्मनीत ते चालते.

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. जिम्नीच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचे, कारण तिच्यात मधला डिफरन्शियल नाही. फोर-एच लावले की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जखडले जातात. पुढे नवे, मागे झिजके टायर असले, तर गिअरयंत्रणेवर सतत ताण येतो. याच कारणाने कोरड्या डांबरावर ती टू-एच मध्येच चालवायची असते, आणि टू-एच मध्ये ती निव्वळ मागच्या चाकांवर चालणारी, आखूड बांध्याची, उंच गाडी असते. मधेच बर्फाचा पट्टा आला, तर अशा गाडीचे शेपूट चटकन फिरते. जर्मन रस्त्यांवर मिठाची फवारणी वारंवार होत असल्याने बहुतेक वेळ रस्ता ओला-कोरडाच असतो, म्हणजे फोर-बाय-फोर बंदच.

ऑल-सीझन टायर घ्यावेत का, हा जावयांचा पुढचा प्रश्न असणार. डोंगराची खूण असेल, तर कायद्याला चालतात, आणि शहरापुरती गाडी असेल तर माझीही हरकत नाही. पण जिम्नी घेणारा माणूस शनिवारी घरी बसत नाही. आल्प्सचा घाट गाठायचा, तर खरे हिवाळी टायर घ्यावेत. ऑस्ट्रियाची हद्द ओलांडणार असतील, तर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल तिकडे हिवाळी टायरची खाच किमान ४ मिलिमीटर लागते, जर्मनीतली १.६ ची कायदेशीर मर्यादा बर्फात तशीही निरुपयोगी. खिळ्यांचे टायर कोणी सुचवले, तर ऐकू नये. फिनलंड-स्वीडनमध्ये ते चालतात. जर्मनीत रस्ते खरवडले जातात म्हणून १९७० च्या दशकापासून बंदी आहे. टायर बदलायची वेळ ऑक्टोबर ते ईस्टर अशी तिकडे तोंडपाठ असते. आपल्या हिशेबाने दसऱ्याच्या आसपास नंबर लावावा, कारण पहिला बर्फ पडला की गॅरेजात रांगा लागतात.

तुमच्या मनालीचे उत्तर छोटे आहे. भारतात हिवाळी टायरची सक्ती नाही आणि एका सहलीसाठी चार टायर शोधत फिरण्यात अर्थ नाही. साखळ्या मात्र घ्या, थारच्या टायरच्या नेमक्या मापाच्या, आणि पुण्यातच पार्किंगमध्ये एकदा चढवून-उतरवून बघा. गोठलेल्या बोटांनी पहिला प्रयोग करू नये. कोणत्या चाकांना लावायच्या, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. साखळी असताना ताशी ५० च्या आत राहा आणि बर्फ संपला की लगेच काढा. अटल बोगद्याचा रस्ता तीन हजार मीटरहून उंच जातो. वाटेत सावलीतल्या वळणांवर रात्री गोठलेला, डोळ्यांना न दिसणारा थर सकाळी उशिरापर्यंत टिकतो, तेव्हा पहाटे निघण्याचा पुणेरी उत्साह तिथे आवरा. उतारावर ब्रेकपेक्षा खालच्या गिअरवर भिस्त ठेवा. आणि नाक्यावर पोलिसांनी परत फिरा म्हटले, तर ‘आमची फोर-बाय-फोर आहे’ असे सांगत हुज्जत घालू नका. परत फिरा.