वाटीत किती ग्रॅम? घरच्या घरी हिशोब

रक्तदाब वाढला की डॉक्टर सांगतात, "मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा." आपल्या घरात मात्र मापे असतात ती वाटी, चमचा आणि चिमूट. बहुतेक घरांत तराजू नसतो. मग ५ ग्रॅम ओळखायचे कसे?

पूर्वी आपल्याकडे धान्य मापानेच मोजत. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची एक पायली. १९५६ च्या कायद्याने बाजारात किलो-ग्रॅम आले, पण चुलीपाशी वाटीच राहिली. वाटी जागा मोजते, तराजू वजन मोजतो. म्हणून त्याच वाटीत तांदूळ जड भरतो आणि पोहे हलके.

आधी आपली वाटी ओळखा. एक लिटर पाणी पाच वाट्यांत संपले, तर वाटी २०० मिलीची. अशी वाटी सपाट भरली, तर अंदाजे वजन असे:

- तांदूळ, तूरडाळ, साखर : १६० ते १७० ग्रॅम
- शेंगदाणे : १२० ते १३० ग्रॅम
- गव्हाचे पीठ, न दाबता : १०० ते ११० ग्रॅम

वाटी लहान-मोठी असेल तर सोपी युक्ती आहे. १ किलोचे नवे पाकीट फोडले की सपाट वाट्यांनी मोजत डब्यात भरा. सहा वाट्या भरल्या तर एका वाटीत सुमारे १६६ ग्रॅम. गुळाच्या खड्यांना मात्र वाटी चालत नाही. तो दुकानातच वजन करून घ्यावा.

रेशन : प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. ३० दिवसांनी भागले तर रोजचे १६६ ग्रॅम, म्हणजे तांदळाची एक वाटी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने डाळी, कडधान्ये, अंडी, मांस मिळून मोठ्या माणसाला रोज ८५ ग्रॅम सांगितले आहे. नुसती डाळ-कडधान्येच खाणाऱ्याला ती कोरडी अर्धी वाटी होतात. भात वाढवून डाळीचे पाणी करण्याऐवजी या अर्ध्या वाटीकडे लक्ष द्यावे.

मीठ : चहाचा चमचा ५ मिलीचा असेल, तर सपाट चमचाभर बारीक मीठ ५ ते ६ ग्रॅम भरते. औषधाच्या खुणा असलेल्या टोपणाने आपला चमचा तपासून घ्या. पाच मोठ्या माणसांच्या घरात दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे १ किलोचे पाकीट निदान ४० दिवस पुरले पाहिजे. त्याआधी संपत असेल तर हात आवरायला हवा. शिवाय आपली कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी, लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ वेगळेच. लहान मुलांना याहून कमी लागते.

जुलाब : ओआरएसची पुडी मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा तोच, ५ मिलीचा. शीग लावून मीठ घातले तर बाळाला अपाय होतो. बाळ मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा पाणी पोटात राहत नसेल तर लगेच दवाखाना गाठावा.

या पाकिटापासूनच सुरुवात करू या. मीठ फोडले त्या दिवशी पाकिटावर तारीख लिहा, आणि संपल्यावर दिवस मोजा.