लढाऊ रोबोचे परदेशगमन

यंत्रांची झुंज लावण्याचा छंद आपल्याकडे आला तो अमेरिकेतून आणि ब्रिटनमधून. मार्क थॉर्प यांनी १९९४ साली सान फ्रान्सिस्को येथील फोर्ट मेसनमध्ये ‘रोबोट वॉर्स’ या नावाने अशा लढती भरवल्या. १९९८ पासून बीबीसीने त्याच नावाने त्या ब्रिटनच्या घराघरांत पोहोचवल्या. आणि पुढे ‘बॅटलबॉट्स’ने अडीचशे पौंडांच्या अजस्र यंत्रांचे द्वंद्व हा दूरचित्रवाणीवरील करमणुकीचा एक स्वतंत्र प्रकारच करून टाकला. मुंबईच्या आयआयटीतील टेकफेस्टमुळे हे वेड अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपांत शिरले, आणि ज्यांना ना महाविद्यालयाचा आश्रय ना कोणा पुरस्कर्त्याची थैली, अशा पुण्यातील आमच्यासारख्या हौशी मंडळींनी ते लेथवाल्यांच्या व भंगारवाल्यांच्या सहवासात जोपासले. त्या मंडळींपैकी एक म्हणून, दोन तरुण सहकाऱ्यांसह, अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात नॉरवॉक येथे होणाऱ्या ‘नॉरवॉक हॅवॉक रोबोट लीग’च्या स्पर्धेत उतरण्याचा योग मला आला. परतल्यावर जो तो ‘जिंकलात का?’ एवढेच विचारतो. परंतु पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे असे जे काही ज्ञान मला लाभले, त्याचा फार मोठा हिस्सा लढतीच्या पिंजऱ्याचे दार उघडण्यापूर्वीच लाभला होता. लढाऊ रोबो परदेशी निघाला की तो आधी प्रवाशाचे सामान असतो, मग जकातीच्या दृष्टीने माल असतो, आणि सर्वांत शेवटी योद्धा असतो. त्याचा आराखडाही याच क्रमाने करावा, हे या लेखाचे सार.

प्रथम वजनाचा विचार. आपल्या देशातील स्पर्धा बहुधा ८, १५, ३० आणि ६० किलोंच्या गटांत होतात, तर नॉरवॉकला ३, १२ आणि ३० पौंडांचे गट आहेत. ३० पौंड म्हणजे १३.६ किलो, म्हणजे आपल्या १५ किलोंच्या गटात नावाजलेला रोबो तेथे सुमारे १.४ किलोने जड भरतो, आणि एवढे वजन चार भोके पाडून किंवा कडा घासून उतरत नाही. त्यासाठी पोलादी कवचाच्या जागी जाड प्लास्टिक किंवा टायटॅनियम, मोटारींची फेरनिवड, आणि बहुतेक वेळा सांगाडाच नवा असा सगळा पुनर्विचार करावा लागतो. गटाच्या नावावरही विसंबू नये. ज्यास अमेरिकेत अँटवेट म्हणतात तो एक पौंडाचा, म्हणजे ४५४ ग्रॅमचा असतो, आणि त्याच नावाचा ब्रिटनमधील रोबो अवघा १५० ग्रॅमचा. आम्ही ही तजवीज पुण्यातच केली होती, आणि नवा सांगाडा मर्यादेच्या अगदी काठावर आणून ठेवला होता. तो काठ आमच्या अंगावर कसा आला, हे बॅटरीच्या हकिकतीत यावयाचे आहे.

लिथियम बॅटरीविषयी हवाई वाहतुकीचे नियम थोडक्यात असे, की सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात मुळीच चालत नाहीत, त्या हातातल्या पिशवीतच न्याव्या लागतात. प्रत्येकीची टोके झाकून ती वेगळ्या वेष्टनात ठेवावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीस सामान्यतः मुभा असते, १०० ते १६० वॉट-अवरच्या दोनच सुट्या बॅटऱ्या आणि त्याही विमान कंपनीच्या पूर्वसंमतीने नेता येतात, आणि त्यापुढील बॅटरीस प्रवाशाबरोबर जाण्याचा मार्गच नाही. आमच्या बॅटऱ्या २२.२ व्होल्टच्या आणि ४५०० मिलीअँपिअर-अवरच्या, म्हणजे गुणाकाराने ९९.९ वॉट-अवरच्या होत्या, आणि त्या हेतुपुरस्सर तशा निवडल्या होत्या. मुंबईच्या तपासणीत त्यांना कोणी हरकत घेतली नाही. वाटेत जेथे विमान बदलावयाचे होते तेथील अंमलदाराने मात्र बॅटरी उलटीपालटी करून पाहिली आणि वॉट-अवरचा आकडा कोठे छापला आहे ते दाखवा म्हटले. तो छापलेला नव्हता. व्होल्ट आणि मिलीअँपिअर-अवर यांचा गुणाकार आम्ही कागदावर करून दाखवला, उत्पादकाचे माहितीपत्रक फोनवर उघडून दाखवले, पण त्याच्या लेखी जे वेष्टनावर छापलेले नाही ते अस्तित्वातच नव्हते. आणि पुढच्या विमानाची वेळ होत आल्यामुळे बॅटऱ्या तेथेच सोडून आम्हांस निघावे लागले.

न्यू जर्सीत माझा मावसभाऊ राहतो. त्याला विमानतळावरूनच फोन करून तशाच बॅटऱ्या त्याच्या पत्त्यावर मागवण्यास सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “दादा, हे महिनाभर आधी कळवलं असतंस तर मुंबईहून बॅटऱ्या आणायचं कारणच नव्हतं!” त्याचे म्हणणे सोळा आणे खरे होते. तातडीने मिळाल्या त्या बॅटऱ्या व्होल्टेजला जुळणाऱ्या पण किंचित जड, आणि त्यांची कनेक्टरे आमच्याहून निराळी. कनेक्टर बदलण्यासाठी आम्ही आपले सोल्डरिंग आयर्न काढले, तर कथील वितळेना. कारण आपली वीज २३० व्होल्टची आणि अमेरिकेतील १२० व्होल्टची, आणि तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असल्यामुळे साठ वॉटचे आमचे आयर्न तेथे जेमतेम सोळा वॉटचे झाले होते. शेजारच्या टेबलावरील संघाने न मागता आपले आयर्न पुढे केले आणि ती अडचण टळली. मग वजनाच्या काट्यावर, नव्या बॅटऱ्यांचा जडपणा आणि आमचा तो काठ यांची गाठ पडून, रोबो मर्यादेबाहेर गेला. आणि ज्या वेळात चालकाने हात बसवावयाचा त्या वेळात आम्ही मागच्या पट्टीला भोके पाडीत बसलो.

एका न छापलेल्या आकड्यापासून हा सगळा फेरा निघाला, म्हणून त्यातील बोध सविस्तर सांगतो. ज्यांचा कोणी आप्त किंवा मित्र त्या देशात आहे, त्यांनी बॅटऱ्या तेथेच अगोदर मागवून ठेवाव्यात, त्यांचे नेमके वजन आणि कनेक्टर विचारून घ्यावा, आणि त्याच वजनाचा ठोकळा घालून रोबो इथल्या काट्यावर चढवावा. ज्यांना असा आधार नाही, त्यांनी वॉट-अवर ठळक छापलेल्या बॅटऱ्याच विकत घ्याव्यात, विमान कंपनीची संमती लेखी घ्यावी, आणि वाटेत कंपनी बदलत असेल तर ती दोघींचीही घ्यावी. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले आहे की नाही ते पाहावे. आपले मेट्रिक बोल्ट आणि नट पुरेसे न्यावेत, कारण त्या देशात इंचांच्या मापाचा शिरस्ता अजून चालू आहे. आणि अनुज्ञेय वजनाच्या आत निदान शंभर-दीडशे ग्रॅमची जागा मोकळी ठेवावी; घरच्या काट्यावर बरोबर भरणे म्हणजे परक्या काट्यावर जास्त भरण्याची तयारी होय.

सामानाविषयी. विमानात एका नगास बहुधा २३ किलोंची मर्यादा असते, म्हणून आराखडा करतानाच रोबो कोठे सुटा होईल हे ठरवावे. रोबोचे शस्त्र असलेली फिरणारी चकती काढून, कडा झाकून चेक-इन सामानातच घालावी. हातातल्या पिशवीतून तिला कोणी जाऊ देणार नाही. स्प्रेचे डबे, ज्वालाग्राही द्रावणे आणि भरलेल्या वायूच्या नळकांड्या घरीच ठेवाव्यात. क्ष-किरणांखाली तारांनी वेढलेला पोलादाचा गोळा पाहून कोणाही तपासनिसास संशय येणे स्वाभाविक आहे; यास्तव पेटी उघडताच दिसेल असा एक कागद, छायाचित्रासह, वर ठेवावा, आणि त्यात स्पर्धेचे नाव व प्रत्येक भागाचे साधे वर्णन असावे. आपण आपसांत चकतीला ‘वेपन’ म्हणतो, ते विमानतळावर म्हणू नये.

कागदपत्रांत सर्वाधिक उपेक्षित असा दस्तऐवज म्हणजे निर्यात दाखला. जाण्यापूर्वी विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यास यंत्र दाखवून हा दाखला घेतला, तर परतताना ते येथूनच गेले होते हे सिद्ध करावे लागत नाही. तो सामान स्वाधीन करण्यापूर्वी घ्यावा लागतो, म्हणून तेवढा वेळ हाताशी ठेवावा. भागांची यादी, वजने, किंमती आणि पावत्या यांच्या नकला प्रत्येकाजवळ असाव्यात. मोठे यंत्र पेटाऱ्यातून मालवाहतुकीने जाणार असेल, तर एटीए कार्ने या, माल तात्पुरता परदेशी नेऊन परत आणण्यासाठीच्या सीमाशुल्क दस्तऐवजाची चौकशी करावी. आपल्या देशात तो फिक्की ही उद्योजकांची संघटना देते, त्याची मुदत एक वर्षाची असते, आणि जे वापरून संपते त्यास तो लागू होत नाही. हौशी स्पर्धकास, भाग घेण्याबद्दल मोबदला मिळत नसेल तर, अमेरिकेच्या बी-२ व्हिसावर स्पर्धेत उतरता येते. रोख बक्षीस असेल तर अर्जापूर्वीच खुलासा करून घ्यावा. संयोजकांचे पत्र जवळ असावे, आणि मुलाखतीच्या तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबण्याची तयारी असावी. व्हिसा हाती येईपर्यंत परत न होणारे तिकीट काढू नये.

स्पर्धास्थळीची शिस्त मात्र अनुकरणीय आहे. रेडिओचा संदेश तुटताच चाके आणि चकती दोन्ही थांबतात की नाही, हे तेथे प्रत्यक्ष करून पाहतात. चकतीला कुलूप घातल्याखेरीज रोबो टेबलावरही ठेवू देत नाहीत, आणि पिंजऱ्याबाहेर तो सुरू करणाऱ्याची गय होत नाही. ही तपासणी आमच्या रोबोने पहिल्याच वेळी पार केली, कारण तिची तालीम आम्ही पुण्यात अनेकदा केली होती. लढतींत आम्ही जिंकलो त्याहून अधिक हरलो. एका आडव्या चकतीच्या प्रतिस्पर्ध्याने आमचे चाक आसासकट उपटून पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला फेकले, आणि त्याच्याच चालकाने नंतर आमच्या टेबलाशी बसून आस वाकला कसा हे समजावून दिले. त्या सौहार्दासाठी हा खर्च आणि ही यातायात सार्थ आहे, असे माझे मत आहे.

म्हणून पुढे जाणाऱ्यांस विनंती एवढीच, की स्पर्धेची नियमावली, विमान कंपनीचे बॅटरीविषयक नियम आणि सीमाशुल्काच्या अटी हे तीन कागद टेबलावर मांडावेत, ते सर्व सहकाऱ्यांनी वाचावेत, आणि त्यानंतरच नव्या रोबोचा आराखडा काढावयास घ्यावा.