भेंडीचा चिकटा आणि चार बश्या

भेंडी चिरताना बोटांना लागणारा बुळबुळीत चिकटा तुम्ही पाहिलाच आहे. त्यात असतात बहुशर्करा, म्हणजे साखरेचे असंख्य रेणू एकमेकांना जोडून झालेल्या लांबलचक साखळ्या. बटाट्यातील स्टार्चही याच कुळातला.

हा चिकटा वेगळा कसा काढायचा? चार भेंड्यांचे काप अर्धा पेला पाण्यात तासभर ठेवा. पाणी फडक्यातून गाळून घ्या आणि त्यात तिप्पट स्पिरिट हळूहळू ओता. पांढरट तंतू दिसू लागतील. या बहुशर्करा पाण्यात मिसळतात. अल्कोहोलात मात्र त्यांचा साका होतो. (प्रयोग शिक्षकांसमोर, ज्योतीपासून दूर करा. स्पिरिट विषारी आहे, काहीही चाखू नका.)

प्रयोगशाळेतही मूळ युक्ती हीच. पुढे साक्यातील प्रथिने आणि क्षार काढून टाकतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी गुळवेलीपासून अशीच एक बहुशर्करा मिळवली आणि १९९९ साली तिची माहिती प्रसिद्ध केली.

आता परीक्षा. आपल्या शरीरात जंतूंना गिळणाऱ्या महाभक्षी पेशी असतात. उंदराच्या अशा पेशी बशीत वाढवून त्यांवर बहुशर्करा टाकली आणि त्या चेतल्या, की झाले का सिद्ध?

थांबा! खोडावर आणि पाण्यात जिवाणू असतात. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड उकळूनही टिकते आणि ग्रॅमच्या अब्जांश भागानेही या पेशींना चेतवते. मग श्रेय वनस्पतीचे की जंतूचे?

म्हणून चार बश्या घ्यायच्या. पहिलीत नुसत्या पेशी. दुसरीत पेशी आणि बहुशर्करा. तिसरीत त्याशिवाय पॉलिमिक्सिन-बी. हे औषध जिवाणूंच्या त्या द्रव्याला बांधून ठेवते. चौथीत ते द्रव्य मुद्दाम घालून वर हेच औषध. चौथी बशी शांत राहिली, तर औषध पुरेसे आहे असे समजावे. मग तिसरीतल्या पेशी तरीही चेतल्या, तर श्रेय बहुधा वनस्पतीचे. त्याही शांत झाल्या, तर दुसऱ्या बशीतली करामत जंतूंची!

शिवाय बशी म्हणजे शरीर नव्हे. पोटात गेलेला पदार्थ पचतो, बदलतो. आणि प्रतिकारशक्ती भलतीच चेतली, तर ती स्वतःच्याच सांध्यांवरही उलटू शकते.

तेव्हा एखाद्या बाटलीवर ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’ असे वाचाल, तेव्हा एवढेच विचारा : तुलनेच्या बश्या कोठे आहेत?